फुंकायचं नाही, ओढायचं

हळदीचा ढोल फिरायला लागला की उमाबाईच्या घरी दोन आवाज सुरू व्हायचे. एक अंगणातला. वाळलेली हळकुंडं ढोलात एकमेकांवर आपटत घासायची, पिवळी धूळ उडायची आणि शेजारच्या बोलण्यातलं निम्मं ऐकू यायचं नाही. दुसरा आवाज साक्षीच्या छातीतला. तो बारीक होता, दाराच्या फटीतून वारा शिरावा तसा. पण ज्याच्या कानाला तो ओळखीचा होता, त्याला तो ढोलाच्या खडखडाटातूनही ऐकू यायचा. उमाबाईला यायचा.

त्या वर्षी अर्धापूरच्या बाजूला केळीची काढणी एकदम आली, गडी सगळे तिकडं. ढोलावर नवरा केरबा, टोपल्या भरायला सासू धोंडाबाई, वाहायला उमाबाई आणि बारा वर्षांची लेक साक्षी. पोरीच्या तोंडाला ओढणीच्या दोन घड्या बांधल्या होत्या, पण हळदीची धूळ घड्या मोजत बसत नाही. तिसऱ्या टोपल्याला साक्षी मधेच थांबली. टोपलं खाली ठेवलं, गुडघ्यांवर हात टेकले, खांदे कानापर्यंत चढले.

"लागला बघ," धोंडाबाई ओरडली. "उमा, पंप आण गं!"

उमाबाई पळाली. फडताळावरचा दम्याचा निळा पंप तिनं उचलला आणि उचलल्याबरोबर तिच्या बोटांतली ताकद गेली. हातात आहे की नाही हेच कळेना. पंप पोरीच्या पुढ्यात टाकला आणि ती गोठ्यामागं जाऊन उभी राहिली, भिंतीला पाठ लावून, तोंड उघडं टाकून.

"आई हायस का वाटसरू?" धोंडाबाईचा आवाज मागून आला. "पोरगी तडफडून राहिली अन् ही म्हशीच्या मागं!"

साक्षीनं पंप स्वतःच तोंडाला लावला. दाबला. ओठांच्या कोपऱ्यांतून पांढरी वाफ भसकन बाहेर आली. पुन्हा दाबला. पुन्हा तेच. फरक काही पडला नाही. शेवटी केरबानं ढोल बंद केला, पिवळ्या अंगानंच मोटारसायकल काढली, पोरीला पुढं टाकीवर बसवलं, उमाबाईला मागं, आणि अर्धापूरचा दवाखाना गाठला.

उमाबाईच्या हातांचं असं का होतं हे धोंडाबाईला ठाऊक होतं. ठाऊक असूनही ती बोलायची, कारण बोलल्याशिवाय तिला भीती झेपत नसे. उमाबाईचं माहेर औशाच्या पलीकडं. भूकंप झाला तेव्हा ती आठ वर्षांची होती. माळवद खाली आलं तेव्हा ती आणि धाकटी बहीण एकाच गोधडीत होत्या. उमाबाईला सकाळी उन्हं वर आल्यावर काढलं. तोवर तिनं अंधारात बहिणीचा श्वास ऐकला होता, बारीक होत गेलेला, मग न आलेला. चोवीस वर्षं होत आली. बाकी सगळं ती करायची. नांगरामागं चालायची, म्हशीचं अडलेलं पारडू मोकळं करायची, साप मारायची. पण पोरीच्या छातीत तो आवाज सुरू झाला की तिचे हात तिचे राहत नसत.

दवाखान्यात साक्षीला मशीनची वाफ दिली. खांदे हळूहळू खाली आले. मग अर्शिया सिस्टर स्टूल ओढून बसली. अर्धापूरचीच लेक, तिचे अब्बा बाजारात गाद्या भरायचे. चाळिशीचा चष्मा, आवाज मात्र शाळेतल्या बाईसारखा खणखणीत.

"घेऊन दाखव गं पंप."

"आता न्हाई लागला दम."

"तरी दाखव. मला बघायचंय."

साक्षीनं पंप तोंडाला लावला. गाल फुगवले, दाबला आणि जोरात फूऽ केलं. सगळी वाफ सिस्टरच्या चष्म्यावर.

सिस्टरनं चष्मा काढला, पुसला, घातला. "फुंकून कामून राहिलीस?"

"मग काय करायचं?" साक्षी म्हणाली. "नळी हाय नव्हं?"

सिस्टरनं उमाबाईकडं पाहिलं. "घरी चूल कोण पेटवतं, ताई?"

उमाबाईच्या डोक्यात लख्ख उजेड पडला आणि त्या उजेडात तिला स्वतःची लाज दिसली. पाणी तापवायची अंगणातली चूल साक्षीच पेटवायची, सातव्या वर्षापासून. फुंकणी तोंडाला लावायची, गाल फुगवायचे, फुंकायचं. आईनं, आजीनं, त्यांच्या आयांनी तेच केलेलं. या घरात तोंडाला लावायची नळी एकच आणि तिचं काम एकच. दुकानदारानं पंप देताना सांगितलं होतं, तोंडात धर आणि दाब. पुढचं सांगायची त्याला गरज वाटली नव्हती, आणि या घरात कुणाला विचारायची. दोन वर्षं पोरगी औषध चुलीला घालत होती.

"म्हणजे आतपर्यंत कधी गेलंच न्हाई?" केरबा म्हणाला.

"गेलं असंल थोडं जिभेला." सिस्टरनं टेबलाच्या खणातून एक प्लास्टिकचं नळकांडं काढलं, बाळाच्या दुधाच्या बाटलीएवढं. "हे पंपाला पुढं लावायचं. औषध आधी ह्यात उतरतं, मग तू सावकाश ओढायचं. आधी पंप हलव. छातीतला वारा सगळा बाहेर सोड, पण नळकांड्यात न्हाई, बाहेर. मग ओठ घट्ट. एकदा दाब. आता ओढ, हळू, पार बेंबीपर्यंत. अन् धर. दहा मोजेपर्यंत धर. मग सोड. मिनिटभर थांबून दुसरा दम. फुंकायचं न्हाई, ओढायचं. काय?"

"ओढायचं."

"दाखव."

साक्षीनं ओठ लावले आणि फूऽ केलं.

सिस्टर हसली नाही. केरबाच हसला, मग थांबला, कारण खिशात कागद होता. साक्षी प्रवेशपरीक्षेत वर आली होती. जूनपासून आठवीला लातूरला जायचं होतं, शाळा, शिकवणी, पोरींचं वसतिगृह. तालुक्यातून तीनच नावं लागली होती. कागदावर एक ओळ होती, मुलीला काही आजार आहे का, असल्यास औषध कोण देणार. खाली डॉक्टरची सही.

केरबानं पुढं केलेला कागद डॉक्टरनं वाचून परत दिला. "पोरगी स्वतः घेऊ शकत असेल तर सही करतो. नाहीतर दीडशे किलोमीटरवर कोण देणार हिला? मी नाही जबाबदारी घेणार."

"मे महिना संपायच्या आत आणा," सिस्टर म्हणाली. "माझ्यासमोर नीट घेतलं की साहेबाकडून मी सही घेऊन देते. अन् ताई, चूल तिची बंद. धुरापाशी उभीसुद्धा करायची न्हाई. रोजचा पंप वेगळा दिलाय, तो सकाळ-संध्याकाळ, घेतल्यावर चूळ भरायची. निळा दम लागल्यावरच. त्यानं उतार पडला न्हाई तर घरी बसायचं न्हाई, थेट इकडं."

परतताना मोटारसायकलच्या वाऱ्यात साक्षी म्हणाली, "माय, न्हाई जमलं तर?"

 उमाबाईला एकच दिसत होतं, लांब लातूरला खाटेवर बसलेली पोरगी आणि आजूबाजूला सगळ्या अनोळखी. पण घरी तरी ओळखीची आई काय करत होती? म्हशीच्या मागं.

दुसऱ्या दिवसापासून चूल उमाबाईनं घेतली. धोंडाबाई म्हणाली, "बारा वर्साची घोडी अन् चूल पेटवायची न्हाई. सासरी काय पंपावर भाकरी भाजणार हाय का?"

"सासरी जाईल तवर गॅस आलेला असंल, आत्या."

"आमच्या टायमाला दमकऱ्या बाया न्हाईत्या का? चूल फुंकत फुंकत म्हाताऱ्या झाल्या."

"झाल्या का? सांगा बरं एक नाव."

 धोंडाबाई भाजी निवडायला लागली.

निळा पंप सरावासाठी वापरायचा नव्हता. औषध वाया जातं. उमाबाईनं पपईच्या पानाचा दांडा तोडला, आतून पोकळ, वीतभर. तांब्यात पाणी घेतलं. "ओढ." साक्षीनं पाणी ओढलं, छान ओढलं, घोट घोट. चार दिवस पाणी ओढलं. पाचव्या दिवशी सकाळचा पंप घेताना पुन्हा सगळं औषध जिभेवर. कडू तोंड करून बसली.

आठवड्यानं सिस्टरला विचारलं तर तिनं कपाळावर हात मारला. "पाणी गालानं ओढतात ताई. वारा छातीनं. गाल नको कामाला लावू तिचे, फासळ्या लाव."

आता फासळ्या कशा कामाला लावायच्या? उमाबाई दोन दिवस विचार करत राहिली, हळदीची पोती शिवताना, शेण काढताना, स्वतः श्वास घेत आणि बघत. श्वास बघायची तिला सवय नव्हती. उलट इतकी वर्षं ती तिकडं न बघायचंच शिकली होती. पहिल्यांदा बघितलं तेव्हा तिला घाम फुटला. दुसऱ्यांदा थोडा कमी.

तिसऱ्या दिवशी धोंडाबाई ओट्यावर वाती वळत बसली होती. पिंजलेल्या कापसाचा एक पुंजका वाऱ्यानं उचलला, उमाबाईच्या नाकाशी आला आणि तिनं श्वास आत घेतला तसा नाकाकडं झुकला. सोडला तसा दूर गेला.

ती उठली. सुईदोऱ्यातला दोरा तोडला, कापसाचा नखाएवढा पुंजका दोऱ्याला बांधला आणि दोरा दाराच्या कडीला लटकवला. पपईचा दांडा साक्षीच्या तोंडात दिला, दुसरं टोक कापसाच्या अगदी जवळ.

"घे."

साक्षीनं सवयीनं फूऽ केलं. कापूस उडून दाराला आपटला.

"बघितलंस? गेला. आता त्याला बोलव."

साक्षीनं जोरात ओढलं. कापूस टुण्णकन नळीला चिकटला.

"एवढी घाई न्हाई. त्याला चिकटू द्यायचं न्हाई. नुसता तुझ्याकडं झुकला पाहिजे. झुकलेला राहिला पाहिजे."

"माझा वातीचा कापूस हाय तो," धोंडाबाई म्हणाली. "देवाला अंधारात ठेवून पोरीला नळ्या चोखायला लावून राहिली."

कुणी लक्ष दिलं नाही. संध्याकाळपर्यंत कापूस उडाला, चिकटला, उडाला. दुसऱ्या दिवशी एकदा झुकला आणि साक्षीला हसू आलं, त्यात उडाला. तिसऱ्या दिवशी धोंडाबाई ओट्यावरून खाली सरकली. "मला नीट दिसत न्हाई तिथून," म्हणाली आणि दारासमोरच बसली. मग तीच पंच झाली. "उडाला. हा न्हाई धरायचा. चिकटला! हावरी हायस तू, बापावानी. हां... हां... झुकला. धर आता. एक, दोन, तीन..."

"आजी, लवकर मोज की!"

"तोंड उघडलं, गेला तुझा दम. पुन्हा पहिल्यापासून."

एकदा मायलेकी शेतात गेल्या तेव्हा धोंडाबाईनं एकटीनं करून बघितलं. परत आल्या तर म्हातारी खोकत बसलेली, दोऱ्यावर कापूस नव्हता. विचारलं तर म्हणाली, "उंदरानं नेला."

मे लागला. दुपारी रानात उभं राहवत नव्हतं. हळद विकून झाली होती, अंगण झाडून काढलं होतं, तरी फटीफटीत पिवळं राहिलंच. आणि एका दुपारी पश्चिमेकडून धुळीची भिंत उठली. पत्रे वाजले, वाळत घातलेलं सगळं उडालं, अंगणात उरलेली पिवळी धूळ एकदम घरात शिरली. केरबा बाजाराला गेलेला. धोंडाबाई म्हशी आत बांधत होती. घरात दोघीच.

उमाबाईला आवाज आला.

साक्षी कोपऱ्यात बसली होती, हात गुडघ्यांवर, खांदे वर. यावेळी आवाज लवकर बारीक व्हायला लागला. उमाबाईनं फडताळावरून पंप आणि नळकांडं काढलं, दिलं, आणि बोटं गेली. पाय दाराकडं निघाले. बाहेर काही दिसत नव्हतं, सगळं पिवळं. उंबऱ्यापाशी तिनं चौकट धरली. धरता येत होती का? येत होती, कोपरानं. कोपर अडकवून ती तिथंच उभी राहिली, तोंड पोरीकडं करून.

साक्षीनं पंप हलवला. नळकांडं दोनदा हुकलं, तिसऱ्यांदा बसलं. आत होता नव्हता तेवढा वारा तिनं बाजूला सोडला. तेवढ्यानंही तिला खोकला आला. मग ओठ लावले. दाबलं. तिचे डोळे आईकडं आले. तोंडात नळी होती, बोलता येत नव्हतं. तिनं एक हात सोडला आणि बोट वर केलं. मग दुसरं बोट. मग आईकडं बघत तशीच थांबली.

मोज म्हणत होती.

"एक," उमाबाई म्हणाली. आवाज निघाला नाही. पुन्हा म्हणाली, "एक. दोन."

साक्षीचं पोट हळूहळू वर येत होतं. गाल सपाट होते.

"तीन. चार."

पत्र्यावर काहीतरी आपटलं. दोघींनीही तिकडं पाहिलं नाही.

"पाच. सहा." सातव्या आकड्यावर साक्षीचा दम सुटला, खोकला आला. उमाबाईनं कोपर घट्ट केलं. "असू दे. लई झालं. थांब जरा, बस नुसती. आता पुन्हा हलव. हां. सोड. लाव. दाब. एक..."

दुसऱ्या दमाला दहापर्यंत गेलं. थांबून थांबून आणखी दोन झाले. वादळ गेलं तशी धोंडाबाई आत आली, केसांत, भुवयांत धूळ. साक्षी भिंतीला टेकून बसली होती, खांदे जागेवर. उमाबाई उंबऱ्यात होती, चौकटीला अडकलेली.

"काय झालं?" धोंडाबाईनं विचारलं.

"काय न्हाई," साक्षी म्हणाली. आवाज घोगरा होता. "दम लागला होता. घेतला."

धोंडाबाईनं सुनेकडं पाहिलं. जवळ गेली आणि तिचा हात चौकटीतून सोडवला. कोपराला लाकडाचा लांब वळ उठला होता. म्हातारीनं त्याला खोबरेल लावलं. लावताना एवढंच म्हणाली, "म्हशीमागं न्हाई गेलीस."

सही मिळाली. अर्शिया सिस्टरनं चष्मा काढून ठेवूनच परीक्षा घेतली, पण त्याची गरज पडली नाही.

लातूरचं वसतिगृह तीन मजली होतं, गल्लीत अशाच इमारती, दर भिंतीवर पोरांचे फोटो आणि मार्क. साक्षीची खाट तिसऱ्या मजल्यावर. ऑफिस खाली. रेक्टर पार्वतम्मा उदगीरकडची, धिप्पाड बाई, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. चालली की आधी जुडगा कळायचा, मग ती. तिनं खाटेपाशीच साक्षीची पेटी उघडून तपासली. डिंकाचे लाडू राहू दिले, मोबाइल नाही हे बघितलं आणि निळा पंप उचलला.

"हे ऑफिसात जमा. सगळ्यांची औषधं कपाटात राहतात. लागलं की खाली येऊन मागायचं."

"म्याडम, तो तिच्याजवळ राहू द्या," केरबा म्हणाला.

"नियम आहे. मागं एका पोरीनं दुसरीच्या गोळ्या खाल्ल्या. ज्यांच्या पोरी, ते माझा गळा धरतात." ती चिडून बोलत नव्हती. खरंच बोलत होती. "कपाट काही पळून जात नाही. दोन मिनिटांचं काम."

केरबानं मान डोलवली. शिकलेल्या माणसासमोर तो लवकर मान डोलवायचा. साक्षी आईकडं बघत होती.

उमाबाई पदर सावरत पुढं झाली. "म्याडम, एक करता का? ह्या खाटेपासून त्या कपाटापर्यंत जाऊन या. आम्ही हितंच थांबतो."

"का बरं?"

"श्वास न घेता."

पार्वतम्मानं तिच्याकडं पाहिलं. आजूबाजूच्या खाटांवरच्या पोरी उठून बसल्या.

"आत भरून न्हाई धरायचा," उमाबाई म्हणाली. "दमेकऱ्याच्या छातीत वारा जातच न्हाई. सोडून द्या सगळा, अन् मग निघा."

"अय्यो, चेष्टा करता का माझी?"

"न्हाई म्याडम. चेष्टा करायला एवढ्या लांबून कोण येतंय."

पोरी बघत होत्या. पार्वतम्मा मागं हटणारी बाई नव्हती. तिनं श्वास सोडला, ओठ मिटले आणि निघाली. जुडगा खणखणत जिन्यावर गेला. एक वळण. पायऱ्या. दुसऱ्या मजल्याचं वळण. मग जुडगा थांबला आणि खालून मोठ्ठा, फाटका श्वास ऐकू आला. 

उमाबाई खाली गेली. पार्वतम्मा पायरीवर बसली होती, लाल झालेली, छातीवर हात.

"अजून एक मजला होता," ती म्हणाली.

"हाव. मग कुलूप. मग किल्ली शोधायची."

पार्वतम्मानं जुडगा मांडीवर ठेवला. मग म्हणाली, "घरी तुम्हीच देत होता ना तिला? तुमच्यासारखं इथं कोण बघणार, बाई?"

"मी न्हाई देत, म्याडम." उमाबाई तिच्याशेजारी पायरीवर टेकली. "त्या टायमाला माझे हात चालत न्हाईत. म्हणून तर तिचे शिकवले."

 पंप अजून पार्वतम्माच्याच मुठीत होता, घामानं ओला. तो तिनं उमाबाईच्या हातात दिला. "खिशात ठेवायला सांगा तिला. झोपताना उशाखाली. वर्गातसुद्धा."

मग कठड्याला धरून उठली आणि वर न जाता खाली उतरली. ऑफिसचं कुलूप उघडल्याचा आवाज आला, कपाटाचा आला. परत आली तेव्हा तिच्या हातात आणखी दोन निळे पंप होते, दोन्हींना चिकटपट्टीनं लावलेल्या नावांच्या चिठ्ठ्या. वाचायला तिनं ते डोळ्यांजवळ धरले.

"या दोघी पण वरच आहेत," ती म्हणाली आणि दर वळणाला थांबत, श्वास घेत, चढू लागली.